विसावी बाई

ऐंशीच्या दशकात मी जळगावच्या एका डाळ मिलमध्ये हजेरी लिहायचो. वीस माणसं झाली की प्रॉव्हिडंट फंड लागू व्हायचा, म्हणून मिलमध्ये एकोणीसच होती. विसावी एक बाई होती, धुळ्याकडची. डाळ चाळायची, रोज यायची, फक्त हजेरीत नव्हती. मालक म्हणायचे, "सरकारनं माझा हिस्सा कमी करावा, मी हिचंच काय, आणखी दोघींचं नाव घालतो. पुरा भरायचा तर हिलाच घरी बसवावं लागेल." सरकारने काही ऐकलं नाही. मग मालकांनी आपला हिस्सा आपणच कमी केला, पार शून्यावर आणला. पगारातून काही कापलं जात नाही म्हणून आम्ही एकोणीसही गप्प होतो.

एका हिवाळ्यात फंडाचे साहेब न कळवता आले. बाई चाळणीसह समोरच उभी.

"ही आमची मोठी बहीण," मालक म्हणाले. "माहेरपणाला आलीय."

आता बहीण म्हटल्यावर तिला उभी कशी ठेवणार? साहेबांसाठी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, भरीत झालं, कळण्याच्या भाकरी आल्या, आणि पहिलं पान बहिणीला. मालक स्वतः वाढत होते. तिच्या पापण्यांवर अजून डाळीचा कोंडा होता.

साहेब हसले. "बहिणीला आल्या आल्या कामाला लावलं वाटतं?"

"माहेरले येयेल बाई काय बशी ऱ्हास का?" ती म्हणाली. एवढं सफाईदार खोटं मी कुठल्या वकिलाच्या तोंडूनही ऐकलेलं नाही.

"मुक्काम किती दिवस?"

तिने आधी मालकांकडे पाहिलं. "भाऊ ठेवी तवलगून."

साहेबांनी आणखी भरीत घेतलं आणि शेरा चांगला देऊन गेले.

पुढच्या हंगामात तूर कमी आली. एक माणूस कमी करायचं ठरलं. कोण, हे कोणाला विचारावं लागलं नाही. मालकांनी तिला लुगडं-चोळी दिली आणि धुळ्याच्या एस.टी.त बसवून दिलं. मला अजून त्या लुगड्याचा संताप येतो.

मंदीतही आपण एकाही कामगाराला काढलं नाही, असं मालक पुढे चारचौघांत सांगत. हजेरी मीच लिहीत होतो. हजेरीप्रमाणे ते खरं होतं.