टेबल कामावर गेलं

सदर इसमाचे वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बांधा आटोपशीर, धंदा सेंट्रिंगचा. म्हणजे काँक्रीट ओतण्यापूर्वी लाकडी साचा उभारणे व ते घट्ट झाल्यावर साचा उतरवणे. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्याचे नख कायम काळे. मुदतीपूर्वी साचा उतरवत नाही. या बाबतीत त्याच्यावर कोणाचाही दबाव चालत नसल्याचे सर्वश्रुत आहे.

कंत्राटदाराने गयावया करावी, घरमालकाने आवाज चढवावा, या मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. "मला काय विचारता? काँक्रीटला विचारा."

अशा माणसाच्या हातून एका सकाळी भलतंच घडलं. फळ्यांना तेल लावून झालं होतं, मिक्सरची गाडी दारात घरघरत उभी होती, आणि नेमकी स्लॅबच्या ऐन मधली फळी उभी चिरली. बदली फळी नव्हती. गाडीतला माल थांबणारा नव्हता. मिस्त्रींचं घर मागच्याच गल्लीत. ते गेले, जेवणाच्या टेबलाचे पाय सोडवले आणि वरची सागवानी फळी खांद्यावर टाकून आले. मापात अशी बसली की मिस्त्री स्वतःवरच खूश झाले. दुपारपर्यंत तिच्यावर काँक्रीट ओतूनही झालं.

बायको बाजारातून आली तर भिंतीला टेबलाचे नुसते पाय टेकलेले.

"टेबल कुठंय?"

"कामावर."

"कामावर? आणि परत कधी येणार?"

"ते काँक्रीटच्या हातात आहे."

"अहो, ते आईनं दिलंय! आणि आई रविवारी येतेय!"

रविवार मुदतीच्या बराच अलीकडे होता. बायकोने अबोला धरला, आणि अबोल्यात जेवढं बोलता येतं तेवढं सगळं बोलली. मिस्त्री रोज स्लॅबखाली जाऊन वर बघत उभे राहू लागले.

"एरवी काढा काढा म्हणून मी मागे लागतो," कंत्राटदार म्हणाला, "आणि आता तुम्हीच टेकू कुरवाळत बसताय. काढायचेत का?"

मिस्त्रींनी हातोडी उचलली. मधल्या टेकूपाशी जरा घुटमळले. मग हातोडी पिशवीत टाकून घरी गेले.

रविवारी सासूबाई आल्या. त्यांनी ते पाय पाहिले, सगळी हकीकत ऐकली आणि काढलेल्या चपला पुन्हा घातल्या. "दाखवा."

मिस्त्रींनी स्लॅबखाली नेऊन बोट वर केलं. सासूबाईंनी मान मागे टाकून आपलं टेबल खालून पाहिलं.

"तेवढंच काढलं तर?"

"पाठोपाठ छत येईल, आई. आपल्याच डोक्यावर."

"म्हणजे मुदत भरल्यावरच?"

"मुदत भरल्यावरच."

आता आई यांना चांगलं फैलावर घेणार, म्हणून बायको पदर खोचून तयार होती.

"बरोबर आहे जावईबापूंचं," सासूबाई म्हणाल्या. "घाई नकोच. टेबल घरी येईपर्यंत मीही कुठं जात नाही."

त्यांनी मिस्त्रींचा पलंग घेतला. मिस्त्रींच्या चहातली साखर कमी केली. आधी रेडिओचा आवाज बंद झाला, मग रेडिओच कपाटात गेला. रोज संध्याकाळी मिस्त्री उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत प्रश्न यायचा, "काय म्हणतंय काँक्रीट?"

मुदत संपली त्या पहाटे मिस्त्री साइटवर पोचले, तेव्हा वॉचमन अजून झोपेत होता.