काखेत सरकलेला खिसा

मास्तर म्हटलं की तुम्हाला शाळेतले वाटतील, पण हे मास्तर कपड्यांचे. अंगानं भरदार, आवाजानं त्याहून भरदार. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की एकदा वरून खालपर्यंत बघत आणि टेपेला हात न लावता माप सांगत. एकदा एका जाडजूड नवरदेवानं पोट आत ओढून धरलं, तर म्हणाले, "सोडा हो श्वास! लग्नभर असेच उभे राहणार आहात का?"

त्यांची नात त्याच दुकानात कापडाच्या चिंध्यांवर रांगायला शिकली. अंगानं काटकुळी, जिभेनं टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. तिचा डोळा आजोबांच्या काळ्या, वजनदार कात्रीवर. त्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नव्हती.

"आबा, कात्री मला कधी?"

"टेपेशिवाय माप घेता आलं की."

तिनं एकदा पोस्टमनचं माप नुसत्या नजरेनं घेतलं. त्या पँटमध्ये पोस्टमन आणि त्याची सायकल, दोघं सुखानं मावली असती. आबांनी ती पँट खुंटीला टांगून ठेवली आणि येईल त्याला दाखवली.

मग आबा आजारी पडले. दुकान टाचणीच्या बाबांनी सांभाळलं, आबांची अंघोळ, औषधं, जेवण टाचणीनं. एका सकाळी तिनं त्यांना त्यांचा निळा शर्ट घातला. आबांनी दोन्ही बाजूंनी कापड चिमटीत धरलं.

"हा कुणाचा गं?"

"तुमचाच."

"कापड काही वाढत नसतं." एवढंच बोलले आणि ताट बाजूला सारलं. संध्याकाळीही घास घेतला नाही.

टाचणीनं तेव्हाच ठरवलं, आबांना आपण झिजतोय हे पुन्हा दिसता कामा नये. गिऱ्हाइकांचं निमित्त करून तिनं खोलीतला आरसा पुढं दुकानात नेला. दुपारी त्यांचा डोळा लागला की एकेक शर्ट बाजूंनी आत घेऊ लागली. टेप लावायची सोय नव्हती, कारण टेपेचा स्पर्श झाला की शिंपी झोपेतूनही उठतो. सकाळी ते दाराशी उन्हाला बसत, तेव्हा ती लांबूनच बघून घ्यायची. कापड मात्र कापलं नाही. 'शिवणीतली माया आत राहू दे, माणूस पुन्हा भरतो,' हा आबांचाच धडा.

आबांची कळी खुलली. "बघ, शर्ट कसा अंगाबरोबर बसतोय! वाढ अजून एक पोळी." घरात आनंदीआनंद.

आणि एके दिवशी चष्मा काढायला म्हणून आबांनी छातीवर हात नेला, तर खिसा जागेवर नाही! चाचपत चाचपत तो पार काखेशी सापडला.

"टाचणे, इकडे ये. हा खिसा चालायला लागलाय का?"

टाचणी जवळ आली. आबांनी शर्ट अंगातून काढला आणि उलटा करून शिवणीवरून बोट फिरवलं. एकावर एक टाके.

"टेप कधी लावलीस? मला जाग कशी नाही आली?"

"लावलीच नाही. नजरेनं."

आता ताट पुन्हा बाजूला जाणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. पण आबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"आणि मी येडा, अंग भरतंय म्हणून पोळ्या चेपतोय! अगं, बाजू आत घेतली की खिसाही उसवून मध्ये घ्यायचा असतो. हे शिकवायचं राहिलंच बघ."

"चिडलात?"

"कात्री आण."

तिनं आणली. आबांनी पाती स्वतःच्या हातात धरली आणि कात्रीची मूठ तिच्यापुढं केली.

"आबा, खिसा उसवायला एवढी मोठी कात्री कशाला?"

"उसवायला कुठं देतोय? धर!"

आबा गेल्यावर बाबांना तो निळा शर्ट हवा होता, पण ते आबांसारखेच भरदार. टाचणीनं सगळे टाके उसवले. आतलं कापड बाहेर आलं, ऊन न लागलेलं, गडद निळं. दोन्ही बाजूंना रुंद पट्टे उमटले.

"हे असं दिसेल का गं चारचौघांत?" बाबा म्हणाले.

"दिसू दे," टाचणी म्हणाली. "आबा एवढे होते."

मग तिनं बाबांना वरून खालपर्यंत एकदा बघितलं आणि मध्ये घेतलेला खिसा उसवायला घेतला.