चिमणी, चोच उघड

हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — देवापुढं हात जोडते तेव्हाही दुसरंच काहीतरी बोलते. तुम्ही समोर बसल्या आहात असं धरते. मध्येच थांबली तर थांबू द्या.

ओवी चार वर्षांची होती. ओट्यावर उकळत्या वरणाचा काठोकाठ भरलेला गंज होता, मी फोनवर बोलून राहिली होती, आणि तिनं गंजाला लावलेली सांडशी ओढली. वरण सांडून उजवा हात भाजला, बोटांपासून कोपरापर्यंत. ही माझी चूक — पण ती सगळ्यांना माहीत आहे. सांगायची ती दुसरी.

वॉर्डात वंदना सिस्टर होत्या. पहिल्याच दिवशी मी भिंतीला टेकून रडत होती, तर त्या माझ्या शेजारी खाली फरशीवर बसल्या. कसं झालं, कोणाचं लक्ष नव्हतं — काही म्हणता काही विचारलं नाही. सासूबाईंनी तोंड उघडलं तर त्यांनाच चूप केलं. मग मला म्हणाल्या, "ओवीच्या आई, तुमी फक्त तिच्या उशाशी बसाचं. धराचं, दुखवाचं काम आमचं. रागवन तं आमच्यावर रागवन. आई दुखवते, असं तिले वाटलं नाही पायजे."

किती चांगली बाई, नाही? मलाही वाटलं. थोडे दिवस.

कारण ओवी त्यांच्यावर रागावलीच नाही हो! पट्टी सोडताना आकांत करायची, आणि पट्टी झाली की त्यांच्याच गळ्यात. वंदू म्हणायची त्यांना. पट्टीनंतर बोटं ताणावी लागत, नाहीतर कातडी आखडून बोटं वाकडीच राहतात. त्याचा त्यांनी खेळ केला होता — "चिमणी, चोच उघड." ओवी मुसमुसत मूठ उघडायची. मी म्हटलं तर उघडायची नाही. मी घास भरवायला गेली की विचारायची, वंदू कधी येते? नवरा हिंगण्याहून ड्युटी करून यायचा आणि म्हणायचा, सिस्टर आहेत म्हणून पोरगी हसून तरी राहिली. मग मी काय करून राहिली होती तिथं? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या बाईनं मला सावरलं, घरून डबा आला नाही तर आपल्यातली पोळी दिली, तिचा आवाज कानावर आला तरी मला नको व्हायचं. पोटची पोर माझी, आणि तिचे डोळे दाराकडे.

एका दुपारी दहीभात भरवता भरवता मी — कसं सांगू — मी हळूच म्हटलं, "वंदू तुले मुद्दाम दुखवते. तू रडली की तिले मजा वाटते."

बस, एवढंच. आवाजही चढवला नाही.

त्यानंतर ओवीनं त्यांना हात लावू दिला नाही. त्यांनाच काय, कोणालाच. त्या दारात दिसल्या की मूठ आवळून माझ्या कुशीत शिरायची. आणि मला काय वाटलं असेल? गोड वाटलं. डॉक्टरांनी, दुसऱ्या सिस्टरांनी, सगळ्यांनी करून पाहिलं. वंदना सिस्टर पडद्यामागून चिवचिव करून पाहायच्या. "माहं काय चुकलं असन वं?" त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, पोरं असतातच लहरी. मूठ तशीच बंद राहिली. जखम भरली तेव्हा दोन बोटं आत वळलेली होती. पुढं ऑपरेशन केलं. थोडी सुटली, पुरती नाही.

आता ओवी कॉलेजात आहे. डब्याचं झाकण तिला उघडत नाही, मी उघडून देते. भाजल्यामुळं झालं, असंच ती सगळ्यांना सांगते.

मागच्या महिन्यात ओवीसोबत सक्करदऱ्याला भाजी घेताना वंदना सिस्टर भेटल्या. केस पांढरे झालेत. त्यांनीच आधी मला ओळखलं. मग ओवीचा हात हातात घेतला, ती दोन बोटं अंगठ्यानं चाचपली, आणि डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाल्या, "मी कमी पडली तेव्हा. माफ करजा."

आणि मी काय म्हटलं? "जाऊ द्या सिस्टर, तुम्ही तुमच्याकडून केलं." — मी त्यांना माफ केलं.

गाडीवर बसताना ओवीनं विचारलं, कोण होत्या गं त्या?

कोणी नाही, मी म्हटलं. तिला त्या आठवत नव्हत्या, याचं मला बरं वाटलं. आजही वाटते.