शून्याच्या कुंड्या आणि स्टीलचा पेला

पैज लावा माझ्याशी. पिवळं पडलेलं धान हिरवं कोणी केलं, ते ओळखा. नाव मधेच कळेल तुम्हाला, मी काही लपवत नाही. पण शेवटी कोणाला काय भोगावं लागलं, ते ओळखलंत तर सुलतान बाजारात तुम्हाला इराणी चहा माझ्याकडून.

चोवीस वर्षं मी धानाच्या संशोधनाच्या फार्मवर पाणी घातलंय. किस्से काय, चिखलासारखे असतात. रोज थोडे पायाला लागतात आणि घरी येईपर्यंत चप्पल जड होते. मला वाचता फारसं येत नाही, आकडे तेवढे ओळखतो. म्हणून मॅडमनी कुंड्यांवर आकडेच रंगवले होते. युरिया द्यायचा त्यांच्यावर एक, दोन, तीन. काहीच द्यायचं नाही त्यांच्यावर मोठं शून्य.

मॅडम म्हणजे वैदेही मॅडम. पुण्याच्या. हिमायतनगरला फ्लॅट. मला म्हणायच्या, "मामा, हवेत कार्बनचा गॅस वाढत चाललाय. त्यानं धान दिसायला फुगतं, पण दाण्यात सत्त्व कमी उतरतं. जास्त युरिया न ओतता दाणा भरेल, असं वाण मला शोधायचंय." त्यासाठी फार्मवर प्लास्टिकची गोल घरं केली होती. वर उघडी, कडेनं बंद. काहींत सिलिंडरनं गॅस सोडायचा, काहींत आपली साधी हवा. आत धानाच्या कुंड्या.

चार नंबरचं घर साध्या हवेचं. पण मशीनवर रोज अकरा वाजता त्यातला गॅस वाढलेला दिसायचा. मॅडमनी मेकॅनिक बोलावला, पाइप बदलला, काय काय केलं. अकरा वाजले की आकडा वर!

एक दिवस त्या स्वतः अकराला येऊन बाहेर मशीनपाशी उभ्या राहिल्या. आत मी आणि यादगिरी. यादगिरी माझा जोडीदार, तेलुगू माणूस, वीस वर्षं बरोबर. कुंड्यांच्या मधे बसून चहा चालला होता. त्याच्या मुलीच्या सासूचा विषय होता, म्हणजे लवकर संपणारा नव्हता. मॅडम दिसल्या, तसे आम्ही गप्प.

"बोला ना, थांबलात का?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसलात की आकडा खाली येतो."

आपल्या श्वासातनं तोच गॅस निघतो म्हणे. त्या दिवसापासून घरांत बोलायची बंदी. यादगिरी मला म्हणतो, "किशन्ना, मशीन को भी उस बुढिया का नाम पसंद नहीं."

मी ती बंदी वाया जाऊ दिली नाही. वरच्या ऑफिसातनं एक साहेब तपासणीला आले, पायात पांढरे बूट. मी दारातच अडवलं. "साहेब, आत श्वास रोखून जायचं. नाहीतर मॅडमचं तीन वर्षांचं काम बिघडतं."

गेले बिचारे. एक फेरी मारली आणि टोमॅटोसारखे लाल होऊन बाहेर आले. मॅडमनी विचारलं, "सर, काय काय बघितलंत?" साहेबांनी नुसता हात हलवला, कागदावर सही केली आणि गाडीत जाऊन बसले.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "मामा, तुमचं वय काय?"

"तुमच्या कागदावर लिहिलंय तेवढं," म्हणलं.

पानाला चिमट्यासारखं लावायचं एक मशीन होतं. पान जितकं हिरवं, तितका आकडा मोठा. शून्याच्या कुंड्यांत तो आकडा मेल्यागत खाली. तर मी काय केलं, सुलतान बाजारातनं प्लास्टिकचं तोरण आणलं, त्यातली दोन लांब पानं तोडली आणि शून्याच्या एका कुंडीत रोपाला बांधून टाकली.

सकाळी मॅडम आल्या. ते हिरवंगार पान बघून त्यांचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. चिमटा लावला. मशीन काही बोलेना. पान ओढलं तर दोऱ्यासकट हातात आलं. मग हसल्या, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसल्या. पण डोळे पुसून म्हणाल्या, "मामा, माझी कुठलीही मस्करी करा. ह्या शून्याशी नको. हे शेवटचं वर्ष आहे. दसऱ्याच्या सुमाराला कमिटी येईल, तेव्हा हे शून्य पिवळंच दिसलं पाहिजे, तरच युरियाचा फरक कळतो. नाहीतर काम बंद आणि मी पुण्याला परत."

हौ म्हणलं. कान पकडले.

श्रावण संपता संपता मॅडमच्या आई पुण्याहून राहायला आल्या. घरी एकट्या काय करणार, म्हणून मुलीबरोबर फार्मवर यायच्या. मला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही मराठी बोलता? कुठले?"

"चिक्कडपल्लीचा."

"ते कुठे आलं? नगर जिल्ह्यात?"

"नाही बाई, इथंच, दोन मैलांवर. आजोबांपासून इथंच."

"तरीच," त्या म्हणाल्या. "मराठी बोलता, पण भांडल्यासारखं बोलता."

आता असं बोलल्यावर मी सोडतो काय? त्यांना घेऊन गेलो तीन नंबरच्या घरात, शून्याच्या कुंड्या दाखवल्या आणि हळूच म्हणलं, "बघा बाई. तुमच्या लेकीनं ह्यांना मुद्दाम उपाशी ठेवलंय. घास द्यायचा नाही म्हणून ऑर्डर आहे."

"माझ्या वैदेहीनं?" बाईंनी पदर तोंडाला लावला. "अहो, ही दारात आलेल्या मांजरालाही पोळी घालायची."

मी दिवसभर हसलो. तिथंच चुकलं.

पंधरा-वीस दिवस गेले. कमिटीला पंधरवडा राहिला आणि तीन नंबरच्या घरात, दारापाशी, शून्याच्या सहा कुंड्या हिरव्या व्हायला लागल्या. ह्या वेळी पानं खरी होती. चिमट्याचा आकडा रोज एकेक पायरी वर. मॅडम जेवेनात. मला समोर उभं केलं. "मामा, खरं सांगा. युरिया टाकलात?"

"तुमची शपथ, नाही."

"तोरणाच्या वेळी पण असाच चेहरा होता तुमचा."

यादगिरीकडे बघितलं, तर तो कुंड्यांकडे बघायला लागला. वीस वर्षांचा जोडीदार! पुढची तीन वाक्यं मी त्याला जे बोललो, ते इथं सांगत नाही.

मग मी पहारा धरला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सिलिंडरच्या मागं बसलो. बघतो तर मॅडमच्या आई आल्या. पिशवीतनं झाकणाचा स्टीलचा पेला काढला, इकडंतिकडं बघितलं आणि कुंडीत ओतला.

"बाई, काय हे?"

दचकल्या. "ताक हो. आंबट झालेलं. मी घरी कढीपत्त्याला घालते, कसा तरारतो. एवढ्याशा ताकानं काय होतंय?"

"सगळ्या कुंड्यांना घातलं?"

"ह्या सहाच. ताक पुरत नाही ना." आणि मग हात जोडले त्यांनी. "किशनराव, तिला सांगू नका. तिच्या कामात मी खोडा घातला असं तिला वाटलं, तर मला परत यायला तोंड राहणार नाही."

उपाशी हा शब्द कोणी घातला त्यांच्या डोक्यात? मीच ना. सरळ जाऊन मॅडमपुढे उभा राहिलो. "मी केलं. ताक घातलं. सहाच कुंड्या, दारापाशी. बाकी तुमच्या शून्याला हात नाही लावला."

"ताक? तुम्ही?"

"हौ."

मॅडम उठल्या, एका कुंडीतली माती चिमूटभर घेऊन वास घेतला. मग कोपऱ्यातल्या आईच्या पिशवीकडे एकदा बघितलं. सहाच्या सहा कुंड्या बाहेर काढल्या आणि वहीत तसं लिहिलं. कमिटी आली, तेव्हा बाकीचं शून्य हळदीसारखं पिवळं उभं होतं. अजून दोन वर्षं काम मिळालं. यादगिरीनं लाडू आणले. मी त्याचे दोन जास्त खाल्ले.

कापणी झाली, तशी मॅडमनी मला फ्लॅटवर बोलावलं. "मामा, त्या सहा कुंड्यांचा दाणा न् दाणा मोजायचा. हातानं."

"मोजायचं मशीन आहे ना फार्मवर?"

"बिघडलंय."

सकाळीच चालवलं होतं मी ते. टेबलावर त्यांनी दोन ताटं मांडली, दोन्हींत धान ओतलं. एक माझ्यापुढे सरकवलं. दुसरं आईंपुढे.

"मला गं कशाला?" आई म्हणाल्या.

"मोजताना बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "आकडा चुकतो."

आठ दिवस मोजत होतो आम्ही. दुपारचं जेवण तिथंच. वरण, भात, भाजी, लोणचं, पापड, सगळं वाढायच्या मॅडम, अगदी प्रेमानं. फक्त ताक नाही. आठही दिवस.