'टेक'चा न संपणारा धडा

आत्माराम पागधरे मास्तरांनी बोईसरच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि या चौतीस वर्षांत एकही धडा कधी लांबवला नाही. पोर्शन वेळेत संपवणारा मास्तर म्हणून त्यांचं नाव होतं. वर्गात कारखान्यातल्या कामगारांची हिंदी बोलणारी पोरं असायची, किनाऱ्यावरची आपली पोरं असायची, सगळ्यांना ते एकाच दमात पुढं हाकायचे. "समजलं ते समजलं, पान उलटा," असं म्हणायचे. आणि हाच माणूस निवृत्त झाल्यावर एका क्रियापदावर आठ महिने अडून बसला. क्रियापद कुठलं, तर 'टेक'. विद्यार्थी किती, तर एक. तोही तुर्कस्तानातला, पन्नाशी उलटलेला, जहाजावरचा आचारी.

एरवी त्यांच्या दांडी गावानं या गोष्टीवरून मास्तरांची भरपूर टिंगल केली असती. पण कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण दर्पणचं सगळ्यांना ठाऊक होतं.

दर्पण हा मास्तरांचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर खलाशी होता. गेल्या फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. खराब हवामानात जहाजावरून बेपत्ता झाला, शोध घेतला, सापडला नाही. सव्वीस वर्षांचं पोर दोन ओळींत आटोपलं होतं. मास्तरांनी पत्राचा अर्थ बायकोला सांगितला. हंसाबाईंनी तो ऐकून घेतला, पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विजेची बिलं अडकवायच्या तारेला अडकवून टाकलं.

"कागदानं बघितलं काय?" त्या म्हणाल्या.

याला कारण होतं. त्यांच्या आळीत एक रीत होती. समुद्रात माणूस गेला की ज्यानं पाहिलं त्यानं घरी यायचं. बहुतेक वेळा बोटीचा तांडेलच येतो. तो ओट्यावर चढत नाही, पाणी घेत नाही. चपला काढून अंगणात उभा राहतो आणि त्या घरच्या बाईला सांगतो, कुठं गेला, कसा गेला, केव्हा गेला. शेवटी 'मी बघितलं' असं स्वतःच्या तोंडानं म्हणतो. मग ती बाई रडते. तोवर रडायचं नाही, तोवर दहावं नाही नि तेरावं नाही. हंसाबाईंचे वडील गेले तेव्हा त्यांच्या आईला असंच कुणीतरी सांगितलं होतं. त्यांचा भाऊ धर्माजी स्वतः तांडेल, तो आजवर दोन अंगणांत असा उभा राहून आला होता. दर्पणसाठी मात्र कुणीच आलं नव्हतं.

आला तो एप्रिलात, आणि तोही फोनवर. नेजाती त्याचं नाव. दर्पणच्या जहाजावर स्वयंपाक करायचा. करार संपवून गिरेसुन नावाच्या आपल्या गावी पोचला आणि पहिलं काय केलं तर मास्तरांना व्हिडिओ कॉल. डोक्यावर लोकरी टोपी, पांढरी मिशी, डोळे लाल. दर्पण कसा गेला ते त्यानं एकट्यानं पाहिलं होतं. पण बोलायचं कशात? तुर्की सोडली तर त्याला स्वयंपाकघरापुरतं इंग्रजी येत होतं. फोनमधल्या भाषांतराची युक्ती करून पाहिली. नेजाती भडाभडा बोलला आणि फोनमधून एक गोड आवाजाची बाई हिंदीत म्हणाली, "वह प्याज गया. घुटना मेरा पाप है."

हंसाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "ही बाई कोन? ही व्हती काय बोटीवर?"

बंद केलं ते. तिकडे नेजातीनंही हात हलवून नको नको केलं. त्यालाही ते यंत्राच्या तोंडून जायला नको होतं. मग हंसाबाईच म्हणाल्या, "तुमी मास्तर ना? चौतीस वरसं लोकांची पोरं शिकवली, आता याला शिकवा. शिकला का सांगेल."

असा दर गुरुवार ठरला. आपल्याकडे दुपारचे साडेचार, त्याच्याकडे दोन. मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवायचे. समोर वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत असायचे आणि हंसाबाई तिथं काहीतरी हात चालवत असायच्या. त्यांना इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण कान इकडेच असायचे.

आता खरी गोष्ट सांगायची तर दुसऱ्याच गुरुवारी सगळं झालं होतं. हंसाबाई पाणी भरायला गेल्या होत्या. धडा सुरू व्हायच्या आधीच नेजातीनं चार शब्द जुळवले. "बिग वेव्ह. आय सी. फिनिश." आणि त्यानं आपला तळहात वर केला आणि हळूच उलटा केला. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्याला यापेक्षा जास्त काय लागतं? मास्तरांना कळलं. हंसाबाई हंडा घेऊन येताना दिसल्या आणि मास्तरांच्या तोंडून निघालं, "लेसन फर्स्ट." आधी धडा.

हे त्यांनी का केलं ते विचारू नका. त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. बायकोसमोर अंगणात उभं राहून ते वाक्य म्हणायचं, हे त्यांच्यानं होईना. आज नको, पुढच्या गुरुवारी बघू. पुढच्या गुरुवारी आणखी पुढच्या. माणूस भित्रा असला की त्याला सबब शोधावी लागत नाही, ती समोर येऊन बसते. मास्तरांपुढं 'टेक' येऊन बसलं.

त्याचं असं झालं. तुर्कीत 'आल्माक' म्हणून एक क्रियापद आहे. बाजारातून कांदे आणले तरी आल्माक, हातात पुस्तक धरलं तरी आल्माक, पत्र मिळालं तरी आल्माक. त्यामुळे नेजाती इंग्रजीत सगळीकडे 'टेक' ठोकून द्यायचा. मी दुकानातून मासे 'टेक' केले, मुलीकडून फोन 'टेक' केला. मास्तर समजावायचे की बाबा, विकत घेणं वेगळं, मिळणं वेगळं. समजावता समजावता त्यांना गंमत वाटायला लागली, कारण आपलं 'घेणं' तरी काय वेगळं आहे? भाजी घेतो, चहा घेतो, झोप घेतो. तुर्की माणूसही श्वास 'घेतो', आपल्यासारखाच. नेजातीनं छातीवर हात ठेवून "नेफेस आल्माक" म्हणून दाखवलं तेव्हा मास्तर चक्क हसले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हसले. वलांडीपाशी हंसाबाईंनी मान वर केली.

मग मास्तरांनी दोनशे पानी वही आणली. 'टेक'चा एकेक अर्थ, पुढं तुर्की, पुढं मराठी. फोटो 'टेक' करतात, आपण काढतो. परीक्षा 'टेक' करतात, आपण देतो. काम वेळ 'टेक' करतं, आपल्याला वेळ लागतो. नेजाती डोकं धरायचा. म्हणायचा, होजाम, ही इंग्रज माणसं एका भांड्यात सगळं शिजवतात. होजाम म्हणजे माझे गुरुजी. पोरगा वडिलांच्या वळणावर जाणं, तेही 'टेक'च, हे शिकवलं त्या दिवशी त्यानं पेन खाली ठेवलं. डोळे पुसून म्हणाला, दर्पण आईवर गेला होता, ना होजाम? मास्तरांनी घाईनं पान उलटलं.

सप्टेंबरात पितरपाख आला. धर्माजी मुद्दाम विचारायला आला, की दर्पणच्या नावानं पान ठेवायचं का नाही. तो पायरीवर बसला, बहिणीचा चेहरा बघून आवाज खाली आणला.

"हंसे, सात महिने झाले. करून टाकू. त्याला बी सुटं होऊ दे."

"कोनी बघितलं ते सांगायला आलं काय?"

"मास्तर, तो तुरकी अजून नाय बोलत?"

"अजून शिकतोय," मास्तर म्हणाले. वहीत तेव्हा एकेचाळीस अर्थ झाले होते.

पान ठेवलं नाही. धर्माजी गेला. हंसाबाईंनी त्या दुपारी दर्पणची कपड्यांची पेटी उघडली, कपड्यांना ऊन दाखवलं आणि परत घड्या घालून ठेवले. येईल तेव्हा कुबट वास नको, असं स्वतःशीच म्हणाल्या. मास्तर ओट्यावर बसून हे ऐकत होते. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पण बोलले नाहीत ते नाहीतच.

डिसेंबरात मात्र हंसाबाईंनीच धरलं. बुधवारी सकाळी मास्तर वही काढून बसले होते, उद्याच्या धड्याची तयारी चालली होती. हंसाबाई बोंबलाची पाटी खाली ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"किती झाले?"

"त्रेसष्ट."

"तो मागल्या गुरुवारी अर्धा तास बोलत व्हता. मी ऐकलं. हातवारे करून बोलत व्हता, तुमी हसत व्हता. कशावर?"

"त्याच्या बागेवर. तिकडं ते एक फळ होतं, शेंगदाण्यासारखं, टणक कवचाचं. यंदा पीक बरं आलं म्हणाला."

"झाडावर बोलायला अर्धा तास पुरतील एवढे शब्द हायेत त्याच्याकडे," हंसाबाई म्हणाल्या, "आणि माझ्या पोराचं सांगायला नायत?"

मास्तरांनी वही मिटली. "उद्या विचारतो," म्हणाले.

"तुमी नका विचारू. उद्या मी बसनार हाय."

आणि बसल्या. गुरुवारी साडेचारला हात धुऊन, लुगडं नीट करून ओट्यावर मास्तरांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. फोन लागला. नेजातीनं त्यांना पाहिलं आणि तो खुर्चीतून उठला. डोक्यावरची टोपी काढली. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आई समोर बसली आहे एवढं त्याला कळलं. "होजाम," तो म्हणाला, "आज 'टेक' नको. आज मी सांगतो." आता मास्तरांना लेसन फर्स्ट म्हणता येईना.

तो उभ्यानंच बोलला. इंग्रजी साधं होतं, एकही चूक नव्हती. मास्तरांनीच शिकवलेलं, चुकणार कसं? दुपारची वेळ होती. जहाज फार हलत होतं. सूप करायचं होतं आणि कांदे संपले होते. कांद्यांची पोती बाहेर डेकवरच्या खोलीत असायची. आणायचं काम माझं होतं. माझा गुडघा दुखत होता. दर्पण चहा प्यायला आला होता. त्यानं माझ्या हातातून किल्ली घेतली. मी दारात होतो. लाट आली. लाट गेली तेव्हा डेकवर कांदे होते, तो नव्हता. मी हाक मारली. सगळ्यांनी शोधलं, अंधार पडेपर्यंत. काम माझं होतं, होजाम. आठ महिने मला हे सांगायचं होतं, आणि तुम्ही नवा अर्थ काढायचात. मला वाटलं, तुम्हाला माझा राग आहे म्हणून तुम्ही मला बोलू देत नाही.

मग तो हंसाबाईंकडे बघून थांबला आणि पाठ केलेलं काहीतरी सावकाश म्हणाला. "काका, तुमी बसा." पुन्हा म्हणाला, "काका, तुमी बसा." किल्ली घेताना दर्पण हेच बोलला होता. अर्थ नेजातीला माहीत नव्हता, फक्त आवाज जपून ठेवला होता.

हंसाबाईंचा हात तोंडाशी गेला. हे त्यांच्या घरचं बोलणं होतं. त्यांनीच शिकवलेलं, वडीलधाऱ्या माणसाला उठू द्यायचं नाही म्हणून.

"काय म्हनला तो?" त्यांनी विचारलं. "सगळं सांगा."

"हंसा, तो म्हणतो की..."

"असं नाय," हंसाबाई म्हणाल्या आणि अंगणाकडे पाहिलं.

मास्तर उठले. पायरीवर चपला काढल्या. खाली उतरून वलांडीच्या अलीकडे उभे राहिले. चौतीस वर्षं वर्गापुढं उभं राहिलेला माणूस, पण हात कुठं ठेवायचे ते कळेना. त्यांनी सांगितलं. कांदे सांगितले, गुडघा सांगितला, किल्ली सांगितली, लाट सांगितली. "आपला दर्पण गेला, हंसा. नेजातीनं बघितलं. त्याच्या वतीनं मी सांगतो."

आता बाई रडेल, असं त्यांना वाटलं. हंसाबाई रडल्या नाहीत. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ता, तुझ्यासोबतच, असं म्हटलं असतं तर कुणी पुरावा मागणार नव्हतं. पण ते त्या अंगणात अनवाणी उभे होते.

"एप्रिलात," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या गुरुवारी."

हंसाबाईंनी मान हलवली. आवाज चढवला नाही, की कपाळावर हात मारून घेतला नाही.

"म्हंजे पेटीला ऊन दावलं तवा तुमाला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "आठ महिने मी एकटीच वाट बघत व्हते."

मग त्या रडायला लागल्या. मास्तर एक पाऊल पुढं आले, तर त्यांनी हातानंच तिथं थांबा म्हणून सांगितलं. सांगायला आलेला माणूस ओट्यावर चढत नाही. मास्तर अंगणातच उभे राहिले, आणि तांब्याला टेकवलेल्या फोनमधून नेजाती विचारत राहिला, होजाम? होजाम?