इंजिनेरसाहेबांचं डिफेन्सल

इंजिनेरसाहेबांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही. चुका व्हायच्या त्या ट्रकच्या, डिझेलच्या, रस्त्याच्या, फार तर ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या. त्यांनी ब्रेक दुरुस्त करून दिलेला एक ट्रक सानगडीच्या बाजारात सरळ कांद्याच्या ढिगात शिरला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ब्रेक बराबर आहेत. कांदेच मधात आले."

सानगडीच्या फाट्यावर टिनाच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. इंजिनेर ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती आणि ती काढून घेण्याची कुणाची छाती नव्हती. माझ्या वडिलांचा ट्रक तेच पाहायचे. वडिलांमागे ट्रक माझ्याकडे आला आणि ट्रकसोबत इंजिनेरसाहेबही आले. दोघंही बदलता येण्यासारखे नव्हते. मी त्यांना बाबाजी म्हणायचो. ते मला 'बाबू' म्हणत, आणि रागावले की 'तुहा बाप शाहणा होता' म्हणत.

गेल्या काही वर्षांत त्यांनी एक नवं तत्त्वज्ञान काढलं होतं. "लोखंड पाहाची गोष्ट नाही, आयकाची आहे." नटबोल्ट कसताना ते मान वर करून छताकडे बघत बसायचे, जणू सूचना तिथूनच येत होत्या. पाना मागायचे, मी हातात ठेवला की अंगठ्यानं चाचपून "हा नाही बे" म्हणायचे. त्यांचा तोरा दिवसेंदिवस वाढत चाललाय, असं मला वाटे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडईच्या जत्रा भरतात, नाटकं होतात. धानाच्या पोत्यांच्या जोडीला माझा ट्रक एका नाटक मंडळीचे पडदे, सिंहासन, पेट्या वाहायचा. त्याच हंगामात मागच्या एक्सलमधून घुंऽऽ असा आवाज यायला लागला. क्लच सोडला की खटकन झटका बसायचा. इंजिनेरसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "डिफेन्सल गेलं." डिफरेन्शियलला, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी गोळ्याला, ते डिफेन्सल म्हणायचे, आणि त्यांचा आवेश पाहून आम्हीही तेच म्हणायला लागलो होतो.

निदान चक्क बरोबर निघालं. झाकण उघडलं, तर काळ्या तेलात लोखंडाचा चुरा आणि आतले दात झिजून म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखे झालेले. भंडाऱ्याच्या भंगारवाल्याकडून मी दुसऱ्या ट्रकचं डिफेन्सल आणलं. मंडळीचा प्रयोग त्याच संध्याकाळी दिघोरीला होता. सामान ट्रकमध्ये भरलेलं, मंडळीचे मॅनेजर बाकावर घड्याळ बघत बसलेले, आणि इंजिनेरसाहेब ट्रकखाली आडवे होऊन तो जड गोळा चाचपत चाचपत बसवताहेत.

दुपारी ते बाहेर आले. "झालं. आता हे गाडीच्या बापालेही आयकत नाही."

ते माझ्या शेजारी बसले. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. ट्रक मागं गेला आणि मॅनेजर बसले होते त्या बाकाशी जाऊन थांबला. मॅनेजर त्याआधीच उठले होते, त्यांच्या वयाच्या मानानं फार चपळाईनं. दुसरा गिअर टाकला. ट्रक आणखी जोमानं मागं गेला. शेवटी मी रिव्हर्स टाकला, आणि ट्रक निमूटपणे पुढं निघाला.

डिफेन्सल उलटं बसलं होतं. वरची बाजू खाली, म्हणून चाकंही उलटी फिरत होती.

"बाबाजी, हे काय होऊन राहिलं?"

"काय होऊन राहिलं? चालते ना पुढं? मंग चालव."

"रिव्हर्समध्ये?"

"गिअर गिअरच असते बे. नावात काय पडलं?"

पुन्हा खोलायला वेळ नव्हता. दिघोरीचे लोक आतापासूनच खुर्च्या धरायला निघायच्या बेतात असतील. मॅनेजर रडवेले झाले होते. तेव्हा अखिल मानवजातीत आम्हीच पहिले असू, जे सानगडीहून दिघोरीला रिव्हर्स गिअरमध्ये तोंड पुढं करून गेलो. रिव्हर्स टाकला की आमच्या ट्रकचा भोंगा वाजायचा. तो टीं टीं करत सबंध वाट वाजला. सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते. बांधावरच्या बाया कापणी सोडून बघत होत्या. इंजिन तापलं की तलावाचं पाणी घालायचं आणि पुन्हा टीं टीं. इंजिनेरसाहेब खिडकीतून हात बाहेर काढून मिरवणुकीतल्या नवरदेवासारखे बसले होते. "पाह्य बाबू, नाटकाची फुकट जाहिरात होऊन राहिली."

दिवस मावळायला आम्ही पोचलो. भोंग्यामागं धावत आलेली माणसं धरून अर्धा मंडप तिथंच भरला. इंजिनेरसाहेब ऐटीत खाली उतरले, चार पावलं चालले आणि मंडपाच्या दोरीला अडकून सरळ तोंडावर आपटले. दोरी पांढरी, जाड, मनगटाएवढी. आंधळ्यालाही दिसावी अशी.

मी त्यांना उठवलं. ते माझ्याकडे बघत होते, पण माझ्या कानाच्या थोडं बाजूला.

"बाबाजी, डोळे?"

ते बराच वेळ धोतराची माती झटकत राहिले. "दोन्ही डोयात धुकं भरलं आहे," ते हळूच म्हणाले. "सांगू नोको बे कोणाले. मिस्त्रीले दिसत नाही म्हटलं तं गाडी कोण देईल?"

तोंडाशी आलेले सगळे टोमणे मी गिळले. छताकडे बघून काम करणारा माणूस तोरा मिरवत नसून बोटांनीच बघत असेल, एवढं मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

भोंग्याची तार काढून मी ट्रक तसाच परत आणला आणि उभा करून ठेवला. दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायला हवा होता. नेला नाही. मोहाडीहून त्यांची मुलगी आली, तिनं आणि मी मिळून त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी उतरल्यावर आणि डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर ते पहिल्यांदा ट्रकखाली शिरले. गोळा मोकळा करून खाली घेतला आणि उजेडाकडे फिरवून पाहिला.

"हे कोन्या गाढवानं बसवलं होतं?"

"तुम्हीच जी."

"मंग तो गाढव मीच," ट्रकखालून आवाज आला. त्यात विनोद नव्हता.

त्या दिवशी त्यांनी एकेक दात फडक्यानं पुसून, डोळ्यांनी पाहून, डिफेन्सल सुलटं बसवलं. आणि गॅरेज बंद केलं. "नाही दिसे तोवर हिंमत होती," एवढंच म्हणाले.

मुलीकडे राहायला जाताना त्यांचं सामान माझ्याच ट्रकमध्ये भरलं. साकोली मागं पडली आणि मागच्या एक्सलमधून बारीकसा घुंऽऽ सुरू झाला. भंगारातलाच गोळा तो, किती टिकणार! मी रेडिओ मोठा केला.

"बाबू, आवाज येऊन राहिला."

"रस्त्याचा आहे, बाबाजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, या वेळी नीट माझ्या डोळ्यांत. मग खिडकीबाहेर कापलेल्या धानाच्या बांध्यांकडे तोंड केलं.

"हो," ते म्हणाले, "रस्त्याचाच असन."

दुसऱ्याचं निदान त्यांनी आयुष्यात एकदाच मान्य केलं. तेही चुकीचं.