मिस्पाचं पाणी

बायबलात इस्राएलाचे वंश विखुरले, संकटात सापडले, की मिस्पा या गावी जमायचे. शमुवेल संदेष्ट्यानं त्यांना तिथंच बोलावलं. त्यांनी पाणी काढून देवासमोर जमिनीवर ओतलं, उपास केला आणि आमचं चुकलं म्हणून कबूल केलं. सांडलेलं पाणी परत भांड्यात घेता येत नाही, तसं मनातलं सगळं ओतून मोकळं व्हायचं, असा अर्थ बाबा सांगत. मिस्पावर ते तासभर बोलू शकत.

हिंगणघाटच्या आमच्या लहानशा मंडळीत भांडणं लागली, तेव्हा बाबांनी ठरवलं, चर्चच्या आवारात मिस्पा करायची. आणीबाणी उठल्यानंतरचा मे महिना, विहिरीनं तळ गाठलेला, आणि प्रत्येकानं तांब्याभर पाणी आणायचं! आई म्हणाली, "पाणी कायले सांडता? तोंडानं बोला नं." बाबांनी ऐकलं नाही.

मला एकाच माणसाची पडली होती. बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, पुलगावला राहत. भजनात पेटी कोणी वाजवायची, यावरून दोघांचं बिनसलं होतं. हो, पेटीवरून! त्या अबोल्यातच काकांची पाच वर्षांची पोर तापानं गेली आणि बाबा मातीला गेले नाहीत. तेव्हापासून काकांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. त्यांना मिस्पाचं पत्र मीच टाकलं, बाबांना न विचारता.

काका आले. तांब्याला फडकं बांधून, पुलगावपासून बसमध्ये मांडीवर धरून. एकेक जण पुढं होऊन आपली चूक बोलला, पाणी ओतून मागं सरला. शेवटी बाबा. काका आपला भरला तांब्या धरून समोरच उभे. म्हणा ना बाबा, एवढंच म्हणा, की मी पोरीच्या मातीला आलो नाही.

"आम्ही सर्वांनी पाप केलं," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाणी ओतलं.

आम्ही सर्वांनी! मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. काकांनी आपला तांब्या ओतला नाही. माझ्या हातात दिला. "दादाले पाजजो. उन्हात उभा हाये कवाचा," म्हणाले आणि फाटकाबाहेर गेले.

मी तांब्या बाबांपुढं धरला. "स्टँडवर जा, ते असतील अजून," म्हटलं. बाबा पवित्र शास्त्र मिटून खुर्चीवर बसून राहिले. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन काका गेले. या मातीला बाबा गेले, तोच तांब्या भरून घेऊन. सगळे पांगल्यावर त्यांनी कबरीवर पाणी ओतलं. "पोरीच्या मातीले मी नाई आलो रे. माहं चुकलं." म्हणाले आणि ओक्साबोक्शी रडले.

काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"भाऊजी," त्या कबरीकडं हात करून म्हणाल्या, "मिस्पाच्या दिवशी यायनं स्टँडवर तीन बस सोडल्या. दादा येईन म्हणून."